घरपोच पिस्तुलाच्या नादात गेलेले ९२० डॉलर

ही गोष्ट इतकी वर्षं माझ्या नवऱ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती. गेल्या महिन्यात दुकानात एक प्रसंग घडला आणि मग गप्प बसणं मला बरोबर वाटेना.

ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीजवळ आमचं इंडियन ग्रोसरीचं छोटं दुकान आहे. २०२० च्या उन्हाळ्यात नवऱ्याला कोविड झाला. तो बरा झाला, पण चार पावलं चालला की दम लागायचा, म्हणून रात्रीचं दुकान माझ्याकडे आलं. गल्ला मोजायचा, नोटांना रबर लावायचं, चेनच्या पिशवीत घालायचं आणि मागच्या दाराने एकटीने गाडीपर्यंत जायचं. ते अंतर फार तर चाळीस पावलांचं. ऑक्टोबरमध्ये आमच्याच रांगेतल्या एका दुकानदाराला त्याच पार्किंगमध्ये पिस्तूल दाखवून लुटलं. त्यानंतर ती चाळीस पावलं चालताना माझे हात गार पडायचे.

मी मूळची कराडची. आमच्याकडे बंदूक म्हणजे कुणाच्या तरी मळ्यात रानडुकरांसाठी ठेवलेली परवान्याची बारा बोअर. ती हातात घ्यायचा कधी प्रश्नच आला नव्हता. इथे मात्र पिस्तूल घ्यायचं मीच ठरवलं. आदल्याच वर्षी आम्ही दोघं अमेरिकन नागरिक झालो होतो, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती.

आधी मी एका गन शॉपमध्ये गेले. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाच गोळ्यांचं हलकं रिव्हॉल्वर पुढे केलं. बायकांना हेच बरं पडतं, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायला नको, असं म्हणाला. मी ट्रिगर ओढून पाहिला तर बोट थरथरलं, पण ट्रिगर काही मागे येईना. दुसरं काही दाखवा म्हटलं तर शोकेस जवळजवळ रिकामी. तो काळच तसा होता. एफबीआयकडे त्या एका वर्षात बंदुकीसंबंधीच्या पार्श्वभूमी तपासणीच्या ३ कोटी ९७ लाख विनंत्या गेल्या. छोटी पिस्तुलं दुकानात आल्या आल्या उचलली जात होती आणि नऊ एमएमच्या गोळ्यांचे भाव काही पटींनी चढले होते.

मग रात्री जागून वाचायला लागले. अंगावर रोज बाळगायचं पिस्तूल हलकं हवं, बारीक हवं, कुर्तीखाली उठून दिसता कामा नये. पर्समध्ये ठेवू नका, हे सगळीकडे लिहिलेलं होतं आणि ते मला लगेच पटलं, कारण चोर आधी पर्सच ओढतो. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, ट्रिगर पूर्ण झाकणारं हवं. वाचता वाचता एका मॉडेलवर माझं मन बसलं, सिग सॉअरचं पी ३६५. तीन इंचांची नळी, वजन साधारण अर्धा किलो, आणि एवढ्याशा पिस्तुलात दहा गोळ्यांचं मॅगझीन. पिस्तूल चांगलंच आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ते मी एकदाही हातात घेतलं नव्हतं, त्यातून एक गोळीही झाडली नव्हती. तरी हवं तर तेच, असं डोक्यात पक्कं बसलं.

असं डोक्यात बसलेलं माणूस फसवायला सोपं असतं, हे आता कळतं.

सगळीकडे ‘स्टॉक संपला’ दिसत असताना एका वेबसाइटवर ते होतं, आणि तेही ४१९ डॉलरला. बाकीकडे साडेपाचशे-सहाशेच्या खाली मिळत नव्हतं. साइट अगदी नीटनेटकी. फोटो कंपनीचे. तळाशी दुसऱ्या राज्यातल्या एका गावाचा पत्ता आणि डीलरच्या सरकारी परवान्याची प्रतसुद्धा. शिवाय लिहिलेलं, ‘थेट घरपोच’. मला ते सोयीचं वाटलं. दुकान सोडून कुठे जायला नको. गोळ्यांचे दोन डबे आणि पाठवणीचा खर्च धरून ५४० डॉलर झाले.

कार्ड चालणार नाही, म्हणाले. बँका बंदुकांचे व्यवहार अडवतात म्हणून झेलवरून (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची इथली सोय) पाठवा. पैसे ज्या नावावर जाणार होते ते कुठल्याशा बाईचं होतं, दुकानाचं नाही. विचारलं तर उत्तर आलं, ‘आमच्या अकाउंटंट.’ आणि एक सूचना: शेऱ्याच्या जागी फक्त ऑर्डरचा नंबर लिहा, गन हा शब्द कुठेही नको. ही सूचना वाचताना माझं बोट क्षणभर थांबलं होतं. मला तो क्षण स्वच्छ आठवतो. काउंटरवर कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या फडक्यात गुंडाळायच्या बाकी होत्या, बाहेर अंधार पडला होता आणि थोड्या वेळाने मला त्याच पार्किंगमधून जायचं होतं. मी पैसे पाठवले.

तीन दिवसांनी कुरिअर कंपनीच्या नावाने ईमेल आलं. पार्सलमध्ये शस्त्र असल्यामुळे ३८० डॉलरचा विमा भरावा लागेल, पार्सल हातात पडताच ती रक्कम परत मिळेल. आधीचे ५४० बुडू नयेत म्हणून मी तेही भरले. नवऱ्याला सांगितलं नाही. आठवड्याने तिसरा निरोप आला. पार्सल दुसऱ्या राज्यात अडकलंय, सोडवायला ६५० डॉलर लागतील, आणि तेही बिटकॉइनमध्ये. तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. ऑर्डर रद्द करा, पैसे परत द्या, असं मी कळवलं.

त्याचं उत्तर मला अजून शब्द न् शब्द पाठ आहे, पण इथे फक्त मथितार्थ देते. तुम्ही परवानाधारक डीलरला वगळून शस्त्र मागवलं आहे, हा फेडरल गुन्हा आहे. पैसे भरले नाहीत तर तुमचं नाव आणि पत्ता एटीएफला (बंदुकांचे कायदे बघणाऱ्या केंद्रीय खात्याला) कळवू, तुमचं नागरिकत्व रद्द होऊ शकतं.

हे वाचून मी दुकानाच्या मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर मटकन बसले. माझ्या आडनावावरूनच त्यांनी ओळखलं असणार की ही बाहेरून आलेली आहे. अठरा वर्षं कागदपत्रं जपून, एकेका शिक्क्याची वाट बघून मिळालेली गोष्ट जाईल, या भीतीने मी दोन रात्री झोपले नाही. तिसरी मागणीही भरून टाकावी असं वाटत होतं. आपल्यातले कितीतरी जण याच भीतीने गप्प बसत असतील. म्हणूनच मी लिहायला बसले.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. त्याने शांतपणे त्या गावातल्या खऱ्या दुकानाचा नंबर शोधला, साइटवरचा नंबर घेतला नाही, आणि फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून एका म्हाताऱ्या माणसाचा दमलेला आवाज आला. दुकान त्याचं, परवाना त्याचा, पण वेबसाइट त्याची नव्हती. त्याच्या परवान्याची प्रत कुणीतरी चोरून वापरली होती. म्हणाला, बाई, या आठवड्यातला हा पाचवा फोन. मग त्यानेच मला नियम समजावून सांगितला.

तो नियम असा. इथे ऑनलाइन पिस्तूल विकत घेता येतं, पण दुसऱ्या राज्यातून ते सामान्य गिऱ्हाइकाच्या दारात कधीच येत नाही. ते तुमच्या राज्यातल्या परवानाधारक डीलरकडे जातं. तुम्ही तिथे स्वतः जायचं, ओळखपत्र दाखवायचं, ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, मग साधारणपणे डीलर तुमची पार्श्वभूमी तपासून घेतो आणि नकार आला तर पिस्तूल तुमच्या हातात देत नाही. त्यामुळे खऱ्या साइटवर पैसे भरण्याआधी एक प्रश्न येतोच, माल कुठल्या डीलरकडे पाठवायचा? परवान्याची प्रत खरी आहे का, तेही एटीएफच्या साइटवर बघता येतं. परवाना क्रमांकाचे पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे टाकले की नाव-पत्ता समोर येतो. मग त्या पत्त्याचा फोन आपण स्वतः शोधून खात्री करायची. मला लागला असता फार तर दहा मिनिटांचा वेळ.

एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलामुलींनी हेही ध्यानात ठेवावं. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक बाळगताच येत नाही. ग्रीन कार्डवर येते. आणि मित्राच्या नावावर घेऊन ठेवू, असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. फॉर्मवर खरा खरेदीदार कोण हे विचारलेलं असतं आणि तिथे खोटं लिहिणं हा गुन्हा आहे.

बँकेने हात वर केले, कारण पैसे मी स्वतः पाठवले होते. गावच्या पोलिसांत आणि एफबीआयच्या आयसी३ या ऑनलाइन गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रावर तक्रार नोंदवली. तक्रार घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला मी पहिल्यांदा नागरिकत्वाबद्दलच विचारलं. तो म्हणाला, तुम्ही फसवल्या गेलात, तुम्ही गुन्हेगार नाही. हे ऐकून मला तिथेच रडू आलं. पैसे मात्र परत आले नाहीत. दोन महिन्यांनी एकाचा फोन आला, तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, आधी दीडशे डॉलर फी. तेव्हा फोन मीच ठेवला.

पिस्तूल मी पुढच्या वसंतात घेतलं, पण आधी शूटिंग रेंजवर जाऊन. तिथे भाड्याने पिस्तुलं देतात, गोळ्यांचे पैसे वेगळे. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी एकामागून एक तीन हातात दिली. हलक्या रिव्हॉल्वरच्या दुसऱ्या गोळीलाच मनगटात कळ आली. ज्याच्यासाठी एवढे पैसे घालवले ते पी ३६५ हातात नीट बसलं, पण त्याची स्लाइड चार वेळा ओढली तेव्हा एकदा मागे आली. माझ्या उजव्या अंगठ्यात संधिवात आहे. मग त्यांनी स्मिथ अँड वेसनचं ३८० शील्ड ईझेड दिलं. मागून पूर्ण तळव्याने स्लाइड पकडायची आणि दुसऱ्या हाताने मूठ पुढे ढकलायची, हे शिकवलं. पहिल्याच प्रयत्नात जमलं. थोडं मोठं आहे, कुर्ती सैल घालावी लागते, पण माझ्या हातांना चालतं. त्याच महिन्यात एलटीसीचा, म्हणजे टेक्सासमधल्या पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याचा, वर्ग केला. तेव्हा कपड्याआड पिस्तूल बाळगायला तो परवाना सक्तीचा होता, सप्टेंबर २०२१ पासून नाही. तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्यांची परीक्षा मी पास झाले.

आता गेल्या महिन्यातला प्रसंग. एक नेहमी येणारा मुलगा, नागपूरचा, नुकतंच ग्रीन कार्ड झालेला, रात्री ट्रक चालवतो. दूध आणि ब्रेड काउंटरवर ठेवून म्हणाला, काकू, तुमच्याकडे पिस्तूल आहे ना, हे बघा बरं, स्वस्त पडतंय. त्याने फोन पुढे केला. फोटो सुंदर, भाव शंभर-दीडशेने कमी, तळाशी परवान्याची प्रत. मी म्हटलं, पैसे भरायचं पान उघड. त्याने उघडलं. नाव होतं, घरचा पत्ता होता, झेलचा नंबर होता. डीलर कोण, हे विचारायची जागाच त्या पानावर नव्हती. मी त्याला ती जागा शोधायला लावली. तो वर-खाली सरकवत राहिला, मागे उभ्या असलेल्या बाईंनी टोपली खाली ठेवली, तरी मी त्याला थांबवलं नाही. शेवटी त्याने फोन खिशात घातला आणि विचारलं, काकू, ती रेंज कुठे आहे म्हणालात?