७५ इंची डिजिटल फळा: पहिली ते चौथीच्या वर्गात कसा चालतो

ठाणे, ऐरोली, नेरूळ कुठेही जा, शाळा नवा डिजिटल फळा घेते तेव्हा सहसा एकाच जातीचा घेते: एलईडी पडदा, चौकटीत इन्फ्रारेड सेन्सर, आत अँड्रॉइड आणि हवा असल्यास मागच्या खाचेत सरकवायचा विंडोजचा छोटा संगणक, ज्याला ओपीएस म्हणतात. प्रोजेक्टरवाला जुना प्रकार आता घेऊ नये. प्रोजेक्टरला जरा धक्का लागला की बोट एकीकडे आणि रेघ दुसरीकडे, मग पुन्हा कॅलिब्रेशन करत बसा. या पडद्याच्या फळ्याला, म्हणजे पॅनलला, ही कटकट नाही. हे परीक्षण ७५ इंचीचं, आणि फक्त प्राथमिकच्या वर्गापुरतं. वस्तू चांगली आहे. बिघडतं ते बसवण्यात.

आधी उंची. ७५ इंची पडद्याची उंची सुमारे ९३ सेंटिमीटर असते. पहिलीतलं मूल साधारण ११५ सेंटिमीटर उंच आणि हात वर केला तर कसंबसं १४० पर्यंत पोचतं. बसवणारा माणूस पॅनल स्वतःच्या डोळ्यांच्या रेषेत धरतो, खालची कड जमिनीपासून मीटरभर वर जाते आणि अर्ध्याहून जास्त पडदा मुलांच्या आवाक्याबाहेर जातो. मग तो फळा राहत नाही, महागडा टीव्ही होतो. पहिली-दुसरीसाठी खालची कड ६५ ते ७० सेंटिमीटरवर घ्यावी. त्याची किंमत आहे: शेवटच्या बाकावरून खालचा भाग पुढच्या डोक्यांआड जातो. म्हणून वाचायचा मजकूर वर, मुलांनी ओढायची चित्रं आणि शब्दपट्ट्या खाली, अशी पानाची मांडणी ठेवावी. बजेट असेल तर वरखाली होणारा स्टँड घ्यावा. स्टूल मात्र नको. चढलेलं मूल तोल सावरायला पडद्याचाच आधार घेतं.

आता लिहिणं. माहितीपत्रकात ‘४० टच पॉइंट’ (एकाच वेळी ओळखले जाणारे ४० स्पर्श) मोठ्या अक्षरांत असतं, पण त्यावरून देवनागरी कशी उमटेल ते कळत नाही. इन्फ्रारेड किरणांची जाळी काचेच्या दोन-तीन मिलिमीटर वर असते. पेन काचेवरून उचललं तरी जाळीतून बाहेर आलेलं नसतं, त्यामुळे वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन चिकटते. अनुस्वाराचं टिंब घाईने टेकवलं तर कधी उमटतच नाही. इंग्रजी लिहिताना हे फारसं जाणवत नाही, ‘चिंच’ लिहायला घेतलं की लगेच कळतं. उपाय साधे आहेत: अक्षर किमान १२ सेंटिमीटर उंच, पार्श्वभूमीला दुरेघी, रेघ मध्यम जाडीची, आणि टिंब देताना पेन क्षणभर टेकवून ठेवण्याची सवय. काच आणि पडदा यांच्यात फट नसलेलं पॅनल मिळालं तर पेनाचं टोक आणि रेघ एकाच जागी दिसतात. लहान मुलांच्या हाताला तो फरक मोठा आहे.

‘मुठीने पुसणं’ ही सोय सेटिंगमध्ये जाऊन पहिल्याच दिवशी बंद करा. लहान मुलं तळवा टेकवून लिहितात आणि पॅनल त्यालाच डस्टर समजतं. लिहिलेलं मागोमाग पुसलं जातं आणि मूल रडवेलं होतं.

फॉन्टही तपासा. काही फॉन्टांत हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात. ‘लसूण’ आणि ‘शहामृग’ टाइप करून बघा. पुस्तकातल्यापेक्षा वेगळं अक्षर बाराखडी शिकणाऱ्यापुढे ठेवू नये. श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांत, केलेल्या स्वाध्यायपत्रिका अँड्रॉइडवर उघडल्या तर निव्वळ कचरा दिसतो. त्या आधी संगणकावर पीडीएफ करून आणाव्यात.

आपल्याकडची हवा हा वेगळाच विषय. थेट ऊन चौकटीवर पडलं की इन्फ्रारेड सेन्सर गोंधळतात आणि पडद्यावर भुताने लिहिल्यासारख्या रेघा उमटतात. म्हणून पॅनल खिडकीसमोर नको, खिडकीला काटकोनातल्या भिंतीवर हवं. जूनमधल्या पहिल्या पावसानंतर पंखवाले किडे उजेडाला येतात आणि पॅनलच्या लेखी प्रत्येक किडा म्हणजे एक बोट. दुपारच्या सत्रात दिवे लागले की खिडक्यांना जाळी हवीच. आणि खडू! जुना फळा पॅनलला खेटून ठेवला तर भुकटी चौकटीच्या खाचेत बसते आणि एका पट्ट्यात टच मरतो. मध्ये निदान मीटरभर अंतर ठेवा, आठवड्यातून एकदा चौकटीची आतली कड कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. पाण्याचा फवारा पडद्यावर कधीच मारू नये.

विजेचं थोडक्यात: नीट अर्थिंग असलेला स्वतंत्र पॉइंट, सर्ज प्रोटेक्टर, आणि ओपीएस असेल तर १ केव्हीएचा यूपीएस. शाळा सुटल्यावर शिपायाने मेन स्विच पाडण्याआधी पॅनल रीतसर बंद व्हायला हवं, नाहीतर विंडोज कधीतरी रुसतं.

पाठांसाठी लगेच पैसे मोजायची गरज नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पुस्तकातले क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर नेतात, आणि कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’मधली अपूर्णांकांची सिम्युलेशनं चौथीला छान चालतात. ‘ओपनबोर्ड’ हे लेखनाचं सॉफ्टवेअरही मोफत आहे. जॅमबोर्ड या गूगलच्या ऑनलाइन फळ्यावर बेतलेले जुने पाठ विसरा, ती सेवा २०२४ अखेर बंद झाली. विकतचा तयार मजकूर घ्यायचाच असेल तर आधी ठाणे जिल्ह्याचा नकाशा उघडायला सांगा. त्यात डहाणू-जव्हार दिसले तर तो मजकूर १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचा आहे. पालघर वेगळा झाल्यावर ठाण्यात सातच तालुके उरले. नवी मुंबईकरांनी खारघर-पनवेल रायगडात दाखवलेत का, तेही बघावं.

मुलं गुंततात का? पहिले दोन आठवडे नव्याच्या नवलाईने गुंततातच. पुढचं गणित सोपं आहे: ४० मुलं, ३५ मिनिटांचा तास. प्रत्येकाला एकेक मिनिट दिलं तरी तास पुरत नाही, आणि रांगेतली बाकीची मुलं दंगा करतात. त्यापेक्षा पडद्याचे दोन भाग करावेत, दोघांना उभं करावं आणि तेच उदाहरण बाकीच्यांनी पाटीवर सोडवावं. ४७ मधले दशक-एकक मण्यांच्या माळांनी जुळवणं, घड्याळाचे काटे फिरवणं, भाकरीचे चार समान भाग करणं, अशा हलवण्या-जुळवण्याच्या कामांत पॅनल खडूच्या फळ्याला सहज मागे टाकतं. पाढे पाठ करायला आणि फळ्यावरचं उतरवून घ्यायला जुना फळाच बरा. एक सावधगिरी: दोघांनी एकाच वेळी लिहिणं सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालत नाही.

म्हणून डेमो आपल्याच वर्गात, उन्हाच्या वेळी मागा आणि दोन मुलांना एकदम लिहायला लावा. गूगलचं ईडीएलए प्रमाणपत्र, म्हणजे पॅनलवर गूगलची अ‍ॅप चालवण्याची अधिकृत परवानगी, आहे का ते विचारा. नसेल तर प्ले स्टोअर नीट चालेलच असं नाही. तीन वर्षांची जागेवर सेवा, बिघाड किती दिवसांत दुरुस्त होईल आणि टचची चौकट वॉरंटीत धरली आहे का, हे बिलावरच लिहून घ्या.