कॉपीरायटर की कंटेंट रायटर: कार्डावर काय छापायचं?

माझी जळगावची भाची व्हिजिटिंग कार्ड छापताना या पेचात आहे. लोकांना चटकन कळतं ते ‘कंटेंट रायटर’. ‘कॉपीरायटर’ म्हटलं की भलेभले कॉपीराइट, म्हणजे १९५७ च्या कायद्यातला हक्क, समजून बसतात.

कामं मात्र वेगळी. सराफाच्या होर्डिंगवरची चार शब्दांची ओळ ही कॉपी; गिऱ्हाईक दुकानात आणायला लिहिलेली. केळीच्या ठिबकवरचा हजार शब्दांचा लेख हा कंटेंट. त्याचे पैसे बहुधा शब्दांवर मोजतात. तोच हिशेब होर्डिंगला लावला तर चहाचेही सुटायचे नाहीत (आणि खोडाखोड तिथेच जास्त!), म्हणून कॉपीचा दर कामावर ठरवावा.

मुंबई-पुण्याच्या जाहिरात एजन्सीत अर्ज करायचा तर कॉपीरायटर. घरबसल्या वेबसाइटची कामं हवीत तर कंटेंट रायटर. गावातल्या दुकानदारांसाठी सरळ ‘जाहिरात लेखन’ छाप.