११ महिने आणि १४ हजार किलोमीटर: छोट्या गाडीला स्पोर्ट टायर टाकून काय मिळालं

आधीच सांगून ठेवतो, गाडी काही रेसची वगैरे नाहीये. १.२ लिटर पेट्रोल, साधी हॅचबॅक, एसी लावून चढावर निघालो की दुसरा गिअर मागते. त्यामुळे परफॉर्मन्स टायर टाकतोय म्हटल्यावर ओळखीतला प्रत्येक जण हसला. पण जुने कंपनी-फिटेड टायर ४६ हजार किलोमीटरला संपायला आले होते, पावसात एकदा पुढच्याने अचानक ब्रेक मारला आणि माझी गाडी एबीएसची (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) करकर करत सरळ घसरत गेली, थांबली तेव्हा मध्ये जेमतेम हातभर जागा उरली होती. ब्रेक नवीन होते, पॅड महिन्यापूर्वीच बदललेले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की एबीएस लागतोय म्हणजे ब्रेकमध्ये अजून दम आहे, रस्ता धरून ठेवायला रबरच कमी पडतंय.

मूळ साईझ १८५/६५ आर १५, ८८ एच. म्हणजे रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची त्याच्या ६५ टक्के, रिम १५ इंची; ८८ आणि एच हे वजनाचं आणि स्पीडचं रेटिंग, ते पुढे येतंच. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. कोण म्हणतं २०५/६५ टाक, भरीव दिसतं. कोण म्हणतं १६ इंची अलॉय घे, १९५/५५ टाक. मी एका संध्याकाळी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. हिशोब सोपा आहे, रुंदी गुणिले टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक रिमचे इंच गुणिले २५.४. मूळ चाकाची उंची येते ६२१.५ मिमी. २०५/६५ ची येते ६४७.५, म्हणजे चार टक्क्यांनी मोठं चाक, गिअरिंग लांब होणार (आधीच मरतुकड्या गाडीचं!), मीटर खरा स्पीड कमी दाखवणार, आणि पूर्ण स्टिअरिंग फिरवलं की आत घासायची भीती. १९५/५५ आर १६ ची ६२०.९, कागदावर एकदम परफेक्ट. १९५/६० आर १५ ची ६१५, एक टक्का लहान, चालतंय.

१६ इंचवाला पर्याय मी बरेच दिवस मनात घोळवला, दिसायला भारीच दिसतो. सोडला तो दोन कारणांनी. एक म्हणजे साइडवॉल, टायरची बाजूची भिंत, १२० मिमीवरून १०७ वर येते, खड्ड्यात रिमला मार बसायचा चान्स वाढतो. दुसरं वजन. मोठी रिम बहुतेक वेळा जड असते आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं, शिवाय गोल फिरणारं, प्रत्येक वेळी गाडी उचलताना इंजिनला ते फिरवायचंय. मोठ्या इंजिनला पत्ता लागत नाही, १.२ ला लागतो. मी तर घरातला वजनकाटा काढून चाकं तोलली, जुनं चाक रिमसकट १५.६ किलो, नवीन टायर त्याच रिमवर बसवून १६.३. घरच्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते जाऊ दे.

म्हणून फायनल केलं १९५/६० आर १५, ८८ व्ही. माझी रिम ५.५ इंच रुंद आहे आणि या साईझला किमान तेवढीच लागते, म्हणजे मी अगदी काठावर आहे. हे तुमच्या रिमवर बघून घ्या, कारण अरुंद रिमवर रुंद टायर चेपून बसवला की साइडवॉल बाहेर फुगते, टायर रिमवर डुलायला लागतो आणि ज्यासाठी पैसे घातले तीच मजा निघून जाते. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, तो आकडा मूळच्यापेक्षा खाली जाऊ द्यायचा नाही. व्ही म्हणजे २४० चा स्पीड. माझी गाडी कड्यावरून ढकलली तरी २४० गाठणार नाही पण मुद्दा तो नाहीच, जास्त रेटिंगचा टायर बांधणीने साधारण कडक असतो म्हणून स्टिअरिंगला लवकर उत्तर देतो.

ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. ज्या स्पोर्ट टायरचे रिव्ह्यू सगळीकडे असतात त्यांच्या साईझ बहुतेक १७ इंचापासून पुढे, आपल्या छोट्या गाड्यांना १४-१५ मध्ये जे मिळतं तो त्याच कंपनीचा वेगळाच टायर असतो, नाव मिळतंजुळतं म्हणून फसू नका. मी तीन गोष्टी बघितल्या. साइडवॉलवर ट्रेडवेअर, म्हणजे टिकाऊपणाचा आकडा, २८० (जुन्यावर ४४० होतं), ट्रॅक्शन ए, आणि ओल्या रस्त्याचं रेटिंग बी. ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच टेस्ट करून टाकते, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे समोरासमोर लावण्यात फार अर्थ नाही, एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये बघा. आणि ते ट्रॅक्शनचं अक्षर फक्त ओल्यात सरळ ब्रेक मारण्याचं असतं, वळणावरच्या पकडीबद्दल ते एक शब्द बोलत नाही. शिवाय चार आकडी तारीख, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मला आधी दाखवलेला एक सेट दोन वर्षं गोडाउनात पडलेला होता, नको म्हटलं, दुसरा मागवला.

आता बसवतानाची गंमत. टायर असिमेट्रिक आहे, म्हणजे नक्षी आतून वेगळी, बाहेरून वेगळी, आणि साइडवॉलवर ठळक अक्षरात आउटसाईड लिहिलेलं असतं. चारही बसवले, बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंटचा कागद हातात दिला, मी खुशीत घरी. पंधरा दिवसांनी गाडी धुताना डाव्या मागच्या चाकावर मला इनसाईड लिहिलेलं दिसलं. बाहेरच्या बाजूला! दोनदा डोळे चोळले. बाकीच्या तिघांवर आउटसाईड बरोबर. म्हणजे पंधरा दिवस एक टायर उलटा आणि मी सगळ्यांना सांगत फिरतोय की काय पकड आहे, काय पकड आहे. परत गेलो तर "त्याने काय होतं साहेब" असं उत्तर. काय होतं म्हणजे, वळताना बाहेरचा जाड ब्लॉक काम करतो तो आत गेला ना. उलटा करून दिला पण बॅलन्सिंगला मला पुन्हा आग्रह करावा लागला. तिथल्या तिथे खाली वाकून चारही चाकं बघून घ्या, अर्धं मिनिट लागतं.

पहिले तीनशे-चारशे किलोमीटर काही विशेष नव्हतं, उलट जरा गुळगुळीतच वाटत होते. नव्या टायरवर साच्यातून सुटायला लावलेल्या द्रव्याचा थर असतो, तो घासून जाईपर्यंत दम धरावा लागतो. मग एका सकाळी नेहमीच्याच गोल वळणावर, त्याच स्पीडला, मला जाणवलं की मी स्टिअरिंग आधीपेक्षा कमी फिरवतोय. जुन्या टायरवर हात वळवला की गाडी एक क्षण विचार करायची आणि मग वळायची, तो विचार करण्याचा क्षणच गेला. ५० च्या स्पीडलासुद्धा हे कळतं. म्हणजे छोट्या गाडीला स्पोर्ट टायर कशाला म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे, मी गाडी फास्ट चालवतच नाही, तीच गाडी त्याच स्पीडला जास्त ऐकते.

ओल्यातला ब्रेक मी मुद्दाम करून बघितला. रिकामा सरळ रस्ता, मागेपुढे कोणी नाही, रिमझिम पाऊस, ६० वरून पूर्ण ब्रेक, एका खांबाच्या निशाणीवरून. जुने टायर काढायच्या आठवड्यात एकदा केलं होतं, नव्यावर पुन्हा. अंदाजे एका गाडीच्या लांबीइतकं आधी थांबलो, आणि एबीएस अगदी शेवटी जरासं बोललं. अर्थात जुने घासलेले आणि हे नवे, त्यामुळे सगळं श्रेय कंपाऊंडला (रबराच्या मिश्रणाला) देत नाही, साधे नवे टायरसुद्धा यातला बराच फरक भरून काढतील.

पण साचलेलं पाणी वेगळी गोष्ट आहे बरं का. ओला रस्ता आणि पाण्याचा थर यात लोक गल्लत करतात. रुंद टायरला पाणी बाजूला ढकलायला जास्त, त्यात वजनाने हलकी गाडी, म्हणजे तरंगायला लवकर तयार. आठव्या महिन्यात हायवेवर ८५-९० ला एका साचलेल्या पट्ट्यावरून गेलो आणि स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं, जणू कुणाला जोडलेलंच नाही. सेकंदभरच, पण पोटात गोळा आला. ब्रेक मारला नाही, हात सरळ ठेवून पाय उचलला, चाकं आपोआप रस्त्याला लागली परत.

हवा हा सगळ्यात दुर्लक्षित विषय. दारावरच्या स्टिकरला ३३ पीएसआय लिहिलंय. मी एकदा ३८ करून बघितलं, गाडी हलकी पळते पण बारीक खड्ड्यांवर टणाटण उड्या. आता पुढे ३५, मागे ३३, सकाळी थंड टायरवर, स्वतःच्या गेजने. पंपावरच्या गेजचा आणि माझा अडीच पीएसआयचा फरक निघाला, आणि अडीच पीएसआय या टायरला लगेच कळतात, स्टिअरिंग पिठासारखं मऊ होतं. थंडी पडली की बघाच, तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय आपोआप कमी होतो.

झीज लिहून ठेवलीये. नवे ७.८ मिमी. ७ हजारला पुढचे ६.४, मागचे ७.१, पुढची चाकंच ओढतात, वळतात आणि जास्त ब्रेकही तीच खातात म्हणून. तेव्हा पुढे-मागे बदलले, आता १४ हजारला, पंक्चरमुळे नवीन घ्यावा लागलेला एक सोडून, बाकीचे तीन ५.७ च्या आसपास. कायद्याची खूण १.६ ला असते पण ओल्यातली पकड त्याच्या बरीच आधी ढासळते, मी ३ मिमीला काढणार. त्या हिशोबाने एकूण ३२ हजार मिळतील. जुने ४६ चालले. बोचतं, खोटं कशाला बोलू.

मायलेज मीटरवर १८.४ चं १७.७ झालं. आणि इथे एक मेख आहे, चाक एक टक्का लहान म्हणून मीटर किलोमीटर एक टक्का जास्त मोजतो, म्हणजे खरं १७.५ च धरा. आवाज खडबडीत काँक्रीटवर वाढला, ६० ते ८० मध्ये एक घूंऽऽ असा सूर लागतो, गाणी लावली की जातो. राइड थोडी कडक झाली, मागे बसणारे बोलतात, पुढच्यांना फरक नाही.

परत घेईन का? याच साईझमध्ये हो. १६ इंच अजूनही नाही. फक्त महिन्याला हजारो किलोमीटर सरळ हायवे मारणारा असेल तर त्याला मी चांगला साधा टूरिंग टायर घ्यायला सांगेन, त्याचा या झिजेवर जीव जळेल.

स्टेपनी मात्र अजून जुनीच १८५ आहे. गेल्या महिन्यात पुढचं चाक पंक्चर झालं, बरोबर टायरच्या खांद्यावर, नक्षी संपून साइडवॉल सुरू होते तिथे स्क्रू, तिथलं पंक्चर काढायचं नसतं. स्टेपनी थेट पुढे लावली असती तर डाव्या-उजव्या चाकाची उंची वेगळी झाली असती आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देणारे गिअर) सतत फिरत राहिलं असतं, म्हणून मागचं चाक काढून पुढे आणि स्टेपनी मागे, भर पावसात दोनदा जॅक. नवीन टायर एकटाच घ्यावा लागला, ७.८ चा, तो आता मागे उजवीकडे आहे आणि बाकीच्यांची बरोबरी होईपर्यंत रोटेशनचा (पुढे-मागे बदलण्याचा) सगळा हिशोब बिघडलाय.