घडीचा मंडप: नऊ महिने आणि चौदा प्रदर्शनांनंतर

हा मंडप घेण्याआधी मी वाचलेले सगळे अभिप्राय पहिल्या आठवड्यातले होते. ‘दोन मिनिटांत उघडतो’, ‘दिसायला एकदम झकास’. दोन्ही खरं आहे. फक्त त्या लोकांनी तो अंगणात उघडून बघितला होता. मी त्याखाली चौदा वेळा दुकान मांडलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी वनस्पतीजन्य रंगांत सुती स्टोल आणि पिशव्या रंगवते. मंजिष्ठा, नीळ, हळद, डाळिंबाची साल. मंडप नेहमीचा, १० बाय १० फुटांचा. उघड्या मैदानावरच्या प्रदर्शनांत जागा बहुतेक याच मापाने मिळते. पोलादी सांगाडा, वर ५०० डेनियरचं पॉलिस्टर, एक बाजूची भिंत, चाकांची पिशवी. कापडासकट वजन २२ किलो. डेनियर म्हणजे त्या धाग्याच्या ९,००० मीटरचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे आकडा जितका मोठा तितका धागा जाड. कापडाची वीण किती घट्ट आहे किंवा आतून लेप कसा आहे, ते त्यावरून कळत नाही. हे मला घेतल्यानंतर कळलं. रंग मी निळा निवडला, कारण फोटोत तो सुरेख दिसत होता. त्या निळ्याकडे नंतर येते.

आधी वारा. तिसऱ्या प्रदर्शनात दुपारी एक झोत आला आणि मागचे दोन पाय वीतभर उचलले गेले. सोबत आलेल्या खुंट्या जमिनीत ठोकल्या होत्या, पण माती भुसभुशीत होती, त्या लोण्यातून सुरी निघावी तशा बाहेर आल्या. मी एका खांबाला लटकले, बहीण दुसऱ्याला. शेजारच्या स्टॉलवर मातीची भांडी घेऊन बसलेले काका धावत आले आणि तिसरा पाय धरून म्हणाले, “ताई, हा उडाला तर तुमच्या ओढण्या झटकून परत घडी घालता येतील. माझं काय?” मी अहो काका, अहो काका करत राहिले. दुसरं बोलण्यासारखं काही नव्हतंच.

घरी येऊन हिशेब मांडला. ताशी ३६ किलोमीटरचा वारा, म्हणजे लहान झाडं डुलायला लागतात एवढाच, दर चौरस मीटरला साधारण ६ किलोचा दाब देतो. मंडपाची एक भिंत ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच धरली तर ६ चौरस मीटर, म्हणजे ३६ किलोंचा आडवा रेटा. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट. आणि माझा अख्खा मंडप २२ किलोंचा! त्या दिवशी मी ऊन येतं म्हणून मागची भिंत लावली होती. म्हणजे शीडच उभारलं होतं.

तेव्हापासून चारही पायांना वजनं. पाण्याचे कॅन करून पाहिले. जागा फार अडवतात, शिवाय एक लिटर म्हणजे एकच किलो. शेवटी प्लंबरकडून ४ इंची पाइपाचे मीटरभराचे चार तुकडे आणले, खालून टोपण बसवलं, आत काँक्रीट भरलं आणि ते ओलं असतानाच वर लोखंडी कडी रोवली. एकेक साधारण १९ किलोंचा झाला. तेवढ्याच पाइपात कोरडी वाळू भरली तर १३ किलोंच्या आसपास बसते आणि पाणी ८. पाइप पायाला टेकवून उभा करायचा आणि त्याचा पट्टा वरच्या कोपऱ्याला, सांगाड्याला बांधायचा. नुसता पायाच्या तळाशी बांधला तर वरचा भाग पिळवटतो. लोंबता ठेवू नका, लोक अडखळतात. ७६ किलो गाडीत चढवताना कंबर बोलते, ते वेगळं. पण त्यानंतरच्या अकरा प्रदर्शनांत पाय हलला नाही. भिंत मात्र वारा सुटला की आजही पहिली उतरवते.

आता तो निळा. पहिल्या दोन प्रदर्शनांत एक गोष्ट परत परत घडली आणि माझ्या लक्षात आली नाही. एक बाई मंजिष्ठाचा स्टोल हातात घ्यायच्या, खांद्यावर टाकायच्या, आरशात बघायच्या आणि परत ठेवायच्या. एकजण तो घेऊन तीन पावलं बाहेर उन्हात गेल्या. तिथे तो स्टोल एकदम विटेसारखा लाल झाला. त्या मागे वळून म्हणाल्या, “अगं, हा तर वेगळाच रंग आहे!” घेतला त्यांनी. आधीच्या किती जणींनी तो मळकट जांभळट समजून ठेवून दिला असेल, ते मोजायला नको. निळ्या छतातून येणारा उजेड निळाच असतो, त्यात लाल मरतो आणि हळद हिरवट, आजारी दिसते. निळीचे स्टोल तेवढे झोकात दिसत होते, आणि मला वाटत होतं की यंदा लोकांना निळीचीच आवड आहे.

चौथ्या महिन्यात नुसतं वरचं कापड पांढरं मागवलं. सुटं मिळतं, पण मापाबरोबर सांगाड्याचे कोपरेही जुळतात का ते आधी विचारा; माझं एका कोपऱ्यात अजून ओढून बसवावं लागतं. नऊ महिन्यांत विक्रीला सगळ्यात जास्त मदत त्या पांढऱ्या कापडाने केली, पाटीने नाही आणि नव्या मांडणीनेही नाही. लाकूड, चामडं किंवा चांदी विकणाऱ्यांना एवढा फरक पडेल की नाही ठाऊक नाही, पण ज्यांचा माल रंगावर चालतो त्यांनी पांढराच घ्यावा.

संध्याकाळसाठी दिवे घेताना सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९० च्या वरचा घ्या, आणि तिथेही थोडं सांभाळून. तो आकडा आठ फिक्या रंगांच्या सरासरीवर काढतात, त्यात गडद लाल धरलेलाच नसतो. लालचा आकडा वेगळा, आर-९ नावाने देतात. खोक्यावर तो छापलेला नसेल तर दिवा लावून खाली लाल कापड धरून बघायचं, झालं.

हळदीचा एक धडा मंडपाच्या खाती नाही, माझ्याच खाती. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आणि स्वतः मात्र सहा स्टोल पश्चिमेच्या कडेला टांगून ठेवले. दोन दिवसांत घडीच्या बाहेरच्या कडेवर फिकट पट्टा उठला, पट्टीने आखल्यासारखा. ते सहाही परत रंगवले.

पावसात छत वरून गळत नाही, शिवणीतून गळतं. शिवणीवर आतून चिकटपट्टी लावल्यावर थांबलं. खरा त्रास पाणी साचण्याचा. मधला खांब आणि कड यांच्यात कापड सैल पडतं आणि तिथे तळं होतं. चौरस मीटरभर जागेत ५ सेंटीमीटर पाणी म्हणजे ५० किलो. काठीने वर ढकलून ते सांडायला गेले आणि बहिणीच्या डोक्यावर सांडलं. आता पाऊस दिसला की मागचे दोन पाय एका भोकाने खाली घेते, पाणी मागे वाहून जातं. मागे कोणी नाही ना, एवढं बघायचं. ओला मंडप तसाच पिशवीत घालू नका. मी एकदा दोन दिवस ठेवला आणि कापडावर काळे ठिपके पडले, ते घासूनही गेले नाहीत.

सांगाड्याची तक्रार कमी आहे. कैचीच्या, म्हणजे फुलीसारख्या दुमडणाऱ्या पट्ट्यांच्या, जोडांवरचे दोन प्लास्टिकचे तुकडे तडकले, सुटे मिळाले. नट फार आवळू नका, कैची अडकते. सरकती कडी बोट चिमटते, आणि चिमटते म्हणजे रक्त काढते. ‘दोन मिनिटांत’ म्हणाल तर दोघींना पाच लागतात, एकटीला उघडता येत नाही.

चाकांची पिशवी चौथ्याच खेपेला गेली, आधी चेन, मग डावं चाक. आता सांगाडा पाइपांबरोबर हातगाडीवर बांधून नेते आणि त्या पिशवीत रंगाच्या चाचणीच्या चिंध्या साठवते.