ओटी करू की रिक्रिएशन थेरपी? भाचीने विचारलं म्हणून लिहिलंय

भाची बारावी सायन्सला आहे, परवा घरी येऊन म्हणते, मामी मला पेशंटबरोबर खेळ, गाणी, चित्रं असं काम करायचंय, मग ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिलेले उपचार) घेऊ का ते थेरप्युटिक रिक्रिएशन, म्हणजेच रिक्रिएशन थेरपी (खेळ-छंदांतून उपचार)? मागून तिची आई, खेळायचे पैसे कोण देतं गं? मी स्वतः ओटी, पुण्यातच प्रॅक्टिस, त्यामुळे थोडी एकतर्फी लिहीन हे आधीच सांगते.

साहित्य बघून फरक कळत नाही, दोघांच्याही कपाटात कॅरम निघेल. माझ्याकडे एक काका येतात, पीएमटीतून रिटायर, स्ट्रोकनंतर उजवा हात कमजोर झालाय. कॅरम मांडला की माझं लक्ष कुठे, तर स्ट्रायकर धरताना अंगठा आणि तर्जनी जुळतात का, खांदा उचलून हात पुढे रेटतायत का, कारण त्याच हाताने त्यांना शर्टाची बटणं लावायचीयत. रिक्रिएशन थेरपिस्ट विचारेल, हे रोज संध्याकाळी मंडळाच्या खोलीत खेळायचे ना, मग आता का जात नाहीत? खोली वर आहे, जिना चढवत नाही, आणि हात थरथरतो ते चारचौघांत दिसेल याची लाज. मग त्याचा प्लॅन असा की डाव्या हाताने खेळायची सवय, एका जुन्या दोस्ताला फोन, मंडळाला सांगून बोर्ड खाली आणणं, आणि सहा आठवड्यांत आठवड्यातून दोनदा स्वतःहून जाणं. मी बटणं मोजणार, तो मंडळातल्या संध्याकाळी.

आणि हो, मोजायचं त्यालाही असतंच. आधी असेसमेंट, मग प्लॅन, मग सेशन, मग काय बदललं त्याची नोंद. हे नसेल तर तो टाइमपास. एका डे केअरमध्ये मी बघितलंय, टीव्हीवर सिरियल लावलेली, आजी झोपलेल्या, आणि भिंतीवरच्या टाइमटेबलात त्या तासाला लिहिलेलं रिक्रिएशन थेरपी! असो.

रिक्रिएशन थेरपीतलं एक जुनं मॉडेल तीन पायऱ्या सांगतं, आधी उपचार म्हणून खेळ, मग फावला वेळ कसा घालवायचा ते शिकणं, मग स्वतःच्या मर्जीने खेळणं. मला इथे मुरलीकांत पेटकर आठवतात. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, पोहणं उपचार म्हणून सुरू झालं, आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड. पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी. मेडल सगळ्यांनाच मिळणार नाही, पण उपचाराचं पाणी आपलं पाणी होतं ते असं.

आता कागदाचं बघू, कारण आईचा प्रश्न तोच आहे. ओटीची पाळंमुळं इकडे जुनी आहेत, कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईत केईएमला पहिलं स्कूल सुरू केलं (त्याच, ज्यांच्या नावाने फलटणची शाळा आहे). महाराष्ट्रात अ‍ॅडमिशन नीटमधून, राज्याच्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, हॉस्पिटलमध्ये त्या नावाची पोस्ट. रिक्रिएशनल थेरपिस्ट हे नाव 2021 च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याच्या यादीत आलंय खरं, पण मूव्हमेंट थेरपिस्टच्या पोटात, आणि पुण्यात त्या नावाची जाहिरात माझ्या तरी पाहण्यात नाही. इथे ते काम ओटी, सोशल वर्कर, नाहीतर डान्स थेरपीवाले करतात.

अमेरिकेत मात्र तो वेगळाच पेशा. नेमके विषय घेतलेली डिग्री, 14 आठवड्यांत किमान 560 तासांची इंटर्नशिप, वर परीक्षा, मग नावापुढे सीटीआरएस (सर्टिफाइड थेरप्युटिक रिक्रिएशन स्पेशालिस्ट) लावता येतं. तरी लायसन्स मोजक्याच राज्यांत लागतं, ओटीला सगळीकडे.

म्हणून पुण्यातच राहायचं असेल तर डोळे मिटून ओटी घे आणि बटणांबरोबर मंडळाचाही प्रश्न विचारायला शिक, तुला कोणी अडवत नाही. परदेशात जायचं पक्कं असेल आणि मन खेळातच असेल तरच दुसरं. बीए सायकॉलॉजी झालेल्यांचं गणित उलटं आहे, त्यांना ओटी म्हणजे पुन्हा नीटपासून, तेही बारावीला बायॉलॉजी असेल तर, त्यापेक्षा परदेशातलं रिक्रिएशन थेरपीचं मास्टर्स सोयीचं, फक्त कोर्समधले विषय सीटीआरएसला चालतात का ते फी भरायच्या आधी बघा.

भाचीचं ठरलंय, नीटचा फॉर्म भरायच्या आधी एक शनिवार माझ्याकडे येऊन बसणार, काकांची वेळ अकराची आहे.