दा विंची रिझॉल्व्ह, फुकटवालं: पोरांच्या म्युझिक व्हिडिओपुरतं माझं मत

दा विंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर. हे परीक्षण त्याच्या फुकटच्या आवृत्तीचं आहे आणि तेही एकाच कामापुरतं. मी कल्याणच्या एका कॉलेजात बीएएमएमसीच्या (मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनच्या पदवीच्या) मुलांना एडिटिंग शिकवते. या वर्षी एका गटाने स्वतःच चाल लावलेलं गाणं घेतलं. मुरबाडकडच्या टोकावडे गावाहून शिकायला आलेली मुलगी, मागे राहिलेली आई, मधे एसटी. त्या बाजूला रेल्वे नाही, म्हणून एसटी ओघानेच आली. गाण्याचे शब्द साधारणच, दर दोन ओळींनी 'आठवण'. म्हणजे अर्थ उभा करायचा तो चित्राने, रंगाने आणि कटने. एडिटिंगचं सॉफ्टवेअर जोखायला याहून चांगली संधी नाही.

आधी हिशोब. दा विंची हे मुळात मोठ्या स्टुडिओंत सिनेमाचे रंग सुधारायचं महागडं यंत्र. 2009 मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने ते विकत घेतलं आणि पुढे त्याची एक आवृत्ती फुकट देऊन टाकली. पैसेवाली 'स्टुडिओ' आवृत्ती 295 डॉलरना, एकदाच भरायचे. फुकटातली यूएचडीपर्यंत, म्हणजे 3840 बाय 2160, व्हिडिओ काढून देते आणि त्यावर स्वतःचा शिक्का मारत नाही. विद्यार्थ्याला याच्या पुढे काही लागत नाही.

आता रंग, कारण या सॉफ्टवेअरचा जीव तिथेच आहे. पोरांनी पहिल्या झटक्यात नेटवरून एक तयार लट (LUT, सगळ्या चित्राचे रंग एका फटक्यात बदलणारी फाइल) उतरवून घेतलं, निळसर सावल्या आणि नारिंगी चेहरे देणारं, आणि सगळ्या क्लिपांवर थापलं. दिसायला झकास, अगदी ट्रेलर. पण गावातलं अंगण आणि कल्याणचं हॉस्टेल दोन्ही एकाच रंगात न्हालेले! मी विचारलं, "मग ही घर सोडून गेली कुठे?" कुणी बोलेना. आईचं हळदीच्या रंगाचं लुगडं आणि तिचा चेहरा यांतला फरकही त्या लटने खाऊन टाकला होता.

मग कलर पेजवर बसलो. इथे रंगाचं काम नोडमध्ये होतं: एका चौकटीत एकच बदल, तिला जोडून पुढची चौकट. पहिले काही तास डोकं फिरतं. नंतर कळतं की प्रत्येक निर्णय वेगळा ठेवता येतो आणि वेगळा बंदही करता येतो, त्यामुळे "हे का केलंस?" असं मास्तरणीला नोडवर बोट ठेवून विचारता येतं. क्लिपांचे दोन ग्रुप केले, गाव आणि हॉस्टेल. गावाला किंचित ऊब दिली. हॉस्टेलच्या ट्यूबलाइटची हिरवट झाक काढायला पोरं निघाली होती, तिला हात लावू दिला नाही. ती खोली तशीच असते. फक्त कॉटवरच्या गोधडीचा लाल क्वालिफायरने (एकच रंग निवडायची सोय) उचलला, भोवती विंडो, म्हणजे बदलाची हद्द, काढली, ती गोधडीबरोबर हलावी म्हणून ट्रॅकर लावला आणि तेवढीच गोधडी गावाच्या उबेत ठेवली. गाण्यात गोधडीचा शब्दही नाही. पण पहिल्या कडव्यात आई ती वाळत घालते, आणि दुसऱ्या कडव्यात ती दिसली की बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. हे सगळं फुकटात झालं, हे पुन्हा सांगते.

कटबद्दल. एडिट पेजवर गाणं वाजत असताना 'एम' दाबत गेलं की ठेक्यावर खुणा पडत जातात. सोय उत्तम, आणि धोकाही तोच. पोरांनी प्रत्येक खुणेवर कट मारला. व्हिडिओ कवायतीसारखा चालायला लागला, एक-दोन-एक-दोन. मग आईच्या चेहऱ्यावरचा शॉट ताणला. मुखडा परत सुरू होतो, सम येऊन जाते, तरी कट नाही. अर्धी ओळ उलटल्यावर बस दिसते. आई मनाने निरोप द्यायला तयार नाही, एवढं त्या उशिरात आलं.

आवाजाचं फेअरलाइट पेज बहुतेक पोरं उघडतच नाहीत. उघडावं. या व्हिडिओच्या सुरुवातीला आता इंजिनाची घरघर आहे, मग कंडक्टरची डबल बेल, आणि दुसऱ्या घंटेवर गाण्याची पहिली थाप. काम दहा मिनिटांचं, पण बस सुटली आणि गाणं सुरू झालं या दोन गोष्टी एक झाल्या.

एक तांत्रिक गोष्ट मात्र आधीच उरकून घ्या. टाइमलाइनचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, पहिली क्लिप टाकण्याआधी ठरवा, नंतर तो बदलू देत नाही. फोनचा नेहमीचा कॅमेरा बऱ्याचदा फ्रेम रेट कमीजास्त करत राहतो आणि मग लांब शॉटमध्ये ओठ गाण्यापासून सुटायला लागतात. याच कंपनीचं ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फोनवर फुकट मिळतं, त्यात 25 फ्रेम आणि 1/50 शटर पक्कं करून टाका. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबखाली चित्र लुकलुकत नाही. स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे असतील तर शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवा, 50 फ्रेमवर घ्या आणि इथे क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये 25 करा. मुलगी तरंगल्यासारखी चालते आणि शब्द मात्र बरोबर पडतात. शूटिंगच्या वेळी एसटी स्टँडवर दुप्पट वेगाने गाणारी मुलगी बघून लोक काय हसले, ते व्हिडिओत नाही.

कुणाला सांगणार नाही? आठ जीबी रॅम आणि साधं ग्राफिक्स कार्ड असलेल्यांना. हे सॉफ्टवेअर यंत्राचा घाम काढतं, कंपनीच 16 जीबी सांगते आणि फ्यूजन, म्हणजे इफेक्ट्स आणि ॲनिमेशनचं पेज, वापरायचं तर 32. कॉलेजच्या लॅबमधली यंत्रं त्या मानाने म्हातारी, म्हणून आधी प्रॉक्सी फाइली, म्हणजे क्लिपांच्या हलक्या नकला, बनवून काम केलं. उद्या सकाळी रील टाकायची घाई असेल तरीही हे नको, फोनवरचं कुठलंही ॲप बरं. आणि फ्यूजन पेज नवख्यांनी बंदच ठेवावं. तिथे शिरलेला मुलगा दोन दिवसांनी एक चकाकतं शीर्षक घेऊन बाहेर येतो. शिकायला कंपनीच्या साइटवर सरावाच्या फाइलींसकट पुस्तकं फुकट आहेत, इंग्रजीत, पण नीट लिहिलेली.

फुकटात एक गोष्ट खरंच अडते: अंधारातल्या शॉटमधला दाणा, म्हणजे चित्रभर वळवळणारे बारीक ठिपके, काढायची सोय स्टुडिओ आवृत्तीतच आहे. हॉस्टेलचा रात्रीचा शॉट दाण्यांनी भरला होता आणि पोरं वर्गणी काढून 295 डॉलर भरायच्या गोष्टी करत होती. मी म्हटलं, तिच्या टेबलावर एक दिवा लावा आणि परत घ्या. घेतला. दाणा गेला, आणि रात्री दिवा लावून अभ्यासाला बसलेली मुलगी आयतीच मिळाली.