कर्ब विकायला निघालो आणि पाच एकर वीस वर्षांसाठी लिहून दिली

माझी जालना जिल्ह्यात पाच एकर काळी जमीन आहे. कापूस, सोयाबीन घेतो. गेल्या वर्षी पेरणीच्या तोंडावर गावात एक पोरगा आला. हातात टॅब, बोलणं आपल्याच भागातलं. मारुतीच्या पारावर त्यानं सगळ्यांना बसवलं. "काका, पऱ्हाटी जाळू नका, नांगरट कमी करा. मातीत कर्ब, म्हणजे कार्बन, साठेल, आणि त्याचे पैसे परदेशी कंपन्या देतील. साठवलेला कार्बन क्रेडिटमध्ये मोजतात. एकरी बारा क्रेडिट, वर्षाला चोवीस हजार."

पऱ्हाटीचं आणि नांगरटीचं त्यानं सांगितलं ते खरंच आहे, म्हणून तर मी पुढचंही खरं मानलं. जनावरं विकली तसं शेणखत गेलं, उरलेला पालापाचोळा आपल्या उन्हात भराभर कुजून उडून जातो. माझ्या माती तपासणीच्या कागदावर सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के होता.

एकरी अडीच हजार नोंदणी फी, शिवाय 'कार्बन पावडर'च्या दहा पिशव्या, नऊशेला एक. साडेएकवीस हजार मी फोनवरून पाठवले. बारा पानी इंग्रजी करारावर सही केली, ओटीपीही सांगितला. माझ्या शब्दावर चुलतभावानं आणि शेजारच्या काकूंनीही पैसे भरले.

मातीचा नमुना घेताना मी शेजारीच उभा होतो. त्यानं बांधावरच्या लिंबाखालची, उकिरड्याच्या अंगाची माती खुरप्यानं दोन बोटं उकरली आणि पिशवीत भरली. खरं तर आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन वीतभर खोलपर्यंतची माती काढायची, ती एकत्र करून चार भाग पाडत अर्धा किलो ठेवायची असते. झाडाखालची आणि उकिरड्याजवळची माती घेतच नाहीत. मला हे माहीत होतं. तरी तोंड उघडलं नाही, याचंच आज जास्त वाईट वाटतं.

दिवाळीनंतर अहवाल आला, कर्ब ०.९२! पैसे मात्र आले नाहीत. 'व्हेरिफिकेशन'साठी अजून आठ हजार मागितले, तेव्हा कागद घेऊन कृषी विज्ञान केंद्र गाठलं.

तिथल्या मॅडमनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. एका एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचं वजन साधारण ९०० टन. कर्ब ०.१ टक्का वाढला तर ९०० किलो. कर्बाचा कार्बन डायऑक्साइड किती ते काढायला त्याला ३.६७ नं गुणलं की सव्वातीन टनांच्या आसपास, आणि एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. म्हणजे बारा क्रेडिटसाठी दरवर्षी ०.३६ टक्के वाढ हवी. आपल्याकडे शेणखत, धैंचा-तागासारखं हिरवळीचं खत घालून ०.१ वाढवायलाही वर्षं लागतात. माझ्या अहवालाप्रमाणे तर सहा महिन्यांत एकरी पाच टन निव्वळ कर्ब साठला होता. माझ्या रानात एवढा पालापाचोळा होतच नाही. पावडरच्या पिशवीवर ना बॅच नंबर, ना परवाना नंबर.

भाच्यानं करार वाचून दाखवला. माझ्या जमिनीतल्या कर्बाचे सगळे हक्क वीस वर्षांसाठी त्यांचे, मध्येच सोडलं तर दंड माझा. एकाच रानाचं क्रेडिट दोनदा विकता येत नाही, त्यामुळे उद्या खरा प्रकल्प आला तरी हा कागद आडवा येणार.

खरे प्रकल्प आहेत. केंद्राच्या कृषी मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये शेतीतल्या स्वेच्छा कार्बन बाजाराची (जिथे कंपन्या आपणहून क्रेडिट विकत घेतात) चौकट जाहीर केली आहे. कार्बन प्रकल्प तपासून नोंदवणाऱ्या व्हेरा, गोल्ड स्टँडर्ड या संस्थांच्या नोंदवह्या कुणालाही फुकट बघता येतात. एजंटाकडून प्रकल्पाचा नंबर घ्या आणि तिथे त्यात आपला जिल्हा आहे का ते पाहा. पण नोंद आहे म्हणून पैसे नक्की, असंही धरू नका. व्हेरानं २०२४ मध्ये चीनमधले भातशेतीचे ३७ प्रकल्प फेटाळले. करार मराठीत मागा, देत नसतील तर सही करू नका. खिशातून आधी फी भरायला सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. मी आठ महिन्यांनी केला. पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे, पोराचा नंबर बंद आहे. काकूंचे पैसे मी सोयाबीन विकून परत केले. चुलतभावाचे अजून द्यायचे आहेत, तो मागत नाही.